हरलेला पैलवान सकाळी भेटायचा

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला दोघांची झुंज बघायला आवडते, यात लपवण्यासारखं काही नाही. मलाही आवडते. कुठे शड्डू ऐकू आला की आजही पाय आपोआप थांबतात. पण गेली काही वर्षं एक प्रश्न पाठ सोडत नाही. दोन माणसं जिवाच्या आकांतानं भिडतात, आपण ओरडून त्यांना चेव आणतो, त्यातल्या एकाला कायमची इजा होते आणि आपण घरी जाऊन जेवतो. या व्यवहारात बघणाऱ्याचं काही देणं लागतं की नाही? लहानपणी हा प्रश्न पडायचा नाही, कारण त्याचं उत्तर गावातच हिंडत असायचं.

ज्यांनी खासबाग मैदान पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले होते. त्या दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि तसं मैदान आपल्याकडे हवं हे त्यांच्या मनानं घेतलं, असं कोल्हापुरात सांगतात. १९१२ साली खासबाग उभं राहिलं. मधोमध हौदा आणि भोवती गोल चढत गेलेली बैठक, त्यामुळे कुठेही बसलं तरी कुस्ती दिसते. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं. रोमच्या त्या गोलात माणसं आणि जनावरं मारली जायची आणि लोक ते बघायला यायचे. महाराजांनी तो गोल उचलला, पण त्यातलं मरण तिथेच ठेवलं.

आमचे आबा आम्हा भावंडांना मैदानाला न्यायचे. दुपारपासूनच हलगी, घुमकं, कैताळ सुरू असायचं. आधी पोरासोरांच्या कुस्त्या, मग चढत्या भाजणीनं मोठ्या, आणि दिवे लागल्यावर शेवटची एक नंबरची. हौद्यातली लाल माती ताक, तेल, लिंबू, हळद घालून मळलेली असायची. तिचा वास आमच्या बैठकीपर्यंत यायचा. बराच वेळ नुसती खडाखडी चालायची, मानेला मान लागलेली, हाताला हात. आणि मग कुणीतरी डोळ्याचं पातं लवायच्या आत ढाक लावायचा. तो क्षण हुकू नये म्हणून आबा शेंगासुद्धा न बघता सोलायचे.

जोड लावण्याची एक रीत होती. गावोगावच्या यात्रेत पैलवान हौद्याभोवती फिरायचे, पंच आणि वस्ताद मंडळी त्यांना समोरासमोर उभं करून अंगपिंड बघायची, कुणी कुठं किती कुस्त्या मारल्यात हे विचारायची आणि मग जोड ठरायची. कच्च्या पोराला पक्क्या गड्यासमोर घातलं तर लोकच उठून ओरडायचे, ‘जोड न्हाई, जोड न्हाई!’ त्या ओरडण्याला वजन होतं. पंचांना ते ऐकावं लागायचं. कुस्ती फार रेंगाळली, दोघंही थकून माती धरायला लागले, की प्रेक्षकांतूनच ‘सोडवा’ असा पुकारा व्हायचा आणि ती बरोबरीत सुटायची. बघणाऱ्यालाही खेळात हात होता, तो असा.

आणि कुस्तीचा शेवट कशानं व्हायचा? पाठ मातीला लागली की संपलं. त्यापुढे एक क्षणही नाही. जिंकणारा उठायचा, हरलेल्याला हात द्यायचा, आणि पैसे गोळा करायला फेट्याचा पदर धरून दोघंही प्रेक्षकांतून फिरायचे. जिंकलेल्याच्या पदरात जास्त पडायचं हे खरं, पण चांगली लढत दिली असेल तर हरलेल्याच्या पदरातही लोक हात सैल सोडायचे.

मला सगळ्यात जास्त आठवतो तो मात्र दुसऱ्या दिवशीचा दूधकट्टा. बाहेरच्यांना सांगायला हवं, कोल्हापुरात पहाटे आणि संध्याकाळी म्हशी रस्त्यावर आणतात आणि समोर धार काढून तिथल्या तिथे पेल्यात देतात. गंगावेशीचा कट्टा त्यासाठी नावाजलेला. आदल्या रात्री ज्याला अस्मान दाखवलं गेलं, तो पैलवान सकाळी तिथेच यायचा. एकदा आबांनी मला बरोबर नेलं होतं. रात्री हरलेला गडी एका पायावर भार टाकून उभा होता, गुडघा फडक्यानं करकचून बांधलेला, कानाची पाळी मुडपून गोळा झालेली, गालावर मातीचा ओरखडा. आबांनी रात्रभर त्याच्याविरुद्ध आरडाओरडा केला होता. ते त्याच्याजवळ गेले.

‘पैलवान, गुडघा कसा हाय?’

‘सुजलाय जरा. बसंल चार दिसांत.’

‘आम्ही काल पलीकडच्याच्या बाजूनं होतो.’

‘ऐकू येत हुतं की,’ तो म्हणाला आणि हसला. आबांनी त्याच्या दुधाचे पैसे दिले. त्यानं नको-नको केलं, पण घेतलं.

त्या वयात मला हे नेहमीचंच वाटलं. आज कळतं की आबा आपलं देणं फेडत होते. ज्याच्या पडण्यावर आपण खूश झालो, त्याचा गुडघा दुसऱ्या दिवशी आपल्या डोळ्यांसमोर होता. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमी आमच्या येण्याजाण्याच्या वाटेवर होत्या. गावं वर्गणी काढून पोरांचा खुराक भागवायची. पुढे साखर कारखान्यांनी मल्ल मानधनावर सांभाळले. तिकिटाचा पैसा, वर्गणीचा पैसा, दुधाचा पेला, सगळं फिरून त्याच्याच ताटात जायचं.

जुनं ते सगळं सोनं, असं म्हणण्याचा माझा इरादा नाही. वडोद्याला खंडेराव गायकवाडांच्या अमदानीत नखीची कुस्ती व्हायची. पैलवानांच्या मुठीला शिंगाची नखं बांधायची, भांग पाजायची आणि एकमेकांना फाडायला सोडायचं. लुई रूसले या फ्रेंच प्रवाशानं १८६० च्या दशकात ती पाहून लिहून ठेवली आहे. म्हणजे रक्त बघण्याची हौस कुणी परदेशातून आपल्याकडे आणलेली नाही. म्हैसूरच्या दसऱ्यात वज्रमुष्टीची झुंज अजून होते, पण तिथे मुंडन केलेल्या डोक्यावर रक्ताचा पहिला थेंब दिसला की झुंज थांबते. मातीतली कुस्तीही निर्धोक नाही. २०१८ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावच्या मैदानात मानेवर पडून एक तरुण मल्ल दगावला. आमच्या ओळखीचे कितीतरी पैलवान पन्नाशीतच गुडघ्यांनी अधू झाले, आणि जोपर्यंत अंगात जोर होता तोपर्यंतच त्यांचे लाड झाले. हेही त्याच काळातलं आहे.

पण एक भेद मला मोलाचा वाटतो. कुस्तीत दुखापत होते, ती करायची नसते. मुष्टियुद्धात, व्यावसायिक तर विशेषच, समोरच्याच्या डोक्यावर इतक्या जोरात मारायचं असतं की त्याची शुद्ध हरपावी. तिथे इजा हेच साधन असतं. १९२८ साली हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टरानं मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूवर होणाऱ्या परिणामांचा लेख प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे वैद्यकाला ठाऊक आहे. हातमोज्यांनी हात वाचतात, मेंदू वाचत नाही. उलट मोजा घातल्यावर हाताचं हाड मोडण्याची भीती राहत नाही, म्हणून डोक्यावर अधिक बिनधास्त मारता येतं. डोक्यावरच्या टोपानंही कवटीच्या आत हलणारा मेंदू थांबत नाही. हौशी पुरुष खेळाडूंचे टोप २०१३ पासून काढून टाकले, ते याच वादातून. स्वीडननं १९७० साली आणि नॉर्वेनं १९८१ साली व्यावसायिक मुष्टियुद्धावर बंदी आणली होती. दोघांनीही पुढे ती सैल केली, पण निदान आपल्या समाजाला हा प्रश्न विचारून पाहिला.

तरीही आम्ही महंमद अलीवर जीव टाकला. १९७५ च्या ऑक्टोबरात मनिलाला अली आणि जो फ्रेझर लढले, तेव्हा आमच्याकडे टीव्ही नव्हता. पेपरात आलेला चौकोनी फोटो आणि त्याखालच्या चार ओळी, एवढ्यावर गल्लीतल्या पोरांनी आठवडा काढला. चौदा फेऱ्या झाल्या होत्या, फ्रेझरचे डोळे सुजून मिटत आले होते, आणि पंधराव्या फेरीआधी त्याचा वस्ताद एडी फच यानं त्याला उठू दिलं नाही. फ्रेझर लढत थांबवू नका म्हणत होता. फचनं हार पत्करली, माणूस वाचवला. आम्हाला तेव्हा अली जिंकल्याचा आनंद होता. आज त्या सगळ्या लढतीत मला सर्वांत मोठा माणूस फच वाटतो. आपल्या पठ्ठ्याला हरू देणारा वस्ताद मिळायला भाग्य लागतं.

अलीला तसं भाग्य पुढे लाभलं नाही. १९८० साली अडतिसाव्या वर्षी त्याला लॅरी होम्ससमोर उभं केलं गेलं. तो एकतर्फी मार खात राहिला, आणि दहाव्या फेरीनंतर कुठे लढत थांबवली गेली. जिंकलेला होम्स नंतर रडला. १९८४ मध्ये अलीला पार्किन्सनचं निदान झालं. तो ठोश्यांमुळेच झाला का, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. पण १९९६ मध्ये अटलांटाला ऑलिंपिकची ज्योत पेटवताना त्याचा थरथरणारा हात आपण सगळ्यांनी घरी बसून पाहिला. ज्यांनी त्या हाताच्या ठोश्यांवर लहानपण काढलं, त्यांना तो बघवला नाही.

दोन हरलेल्यांची गोष्ट शेजारी शेजारी ठेवून बघा. १९७७ साली बेळगावात हरिश्चंद्र बिराजदारांनी दिल्लीच्या सतपालला चीत केलं. महाराष्ट्रानं त्या कुस्तीचा केवढा उत्सव केला, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. सतपाल हरला, घरी गेला, पुन्हा घुमला. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्यानं सुवर्णपदक मिळवलं, नंतर वस्ताद होऊन ऑलिंपिकचे मल्ल घडवले, २०१५ मध्ये पद्मभूषण झाला. त्याच १९८२ च्या नोव्हेंबरात लास वेगासला कोरियाचा किम डुक-कू हा तरुण मुष्टियोद्धा रे मॅन्सिनीकडून चौदाव्या फेरीत पडला आणि काही दिवसांत मेंदूतल्या रक्तस्रावानं गेला. त्याच्यामागोमाग काही महिन्यांत त्याच्या आईनं आणि त्या लढतीच्या पंचानं आपलं आयुष्य संपवलं. किमचं मूल अजून जन्माला यायचं होतं. नियम बदलले, जागतिक विजेतेपदाच्या लढती पंधराच्या बारा फेऱ्यांवर आल्या. कित्येक वर्षांनी मॅन्सिनीनं किमच्या मुलाला आणि त्या मुलाच्या आईला आपल्या घरी बोलावलं. मारणाऱ्यानं देणं मान्य केलं. मैदानात आणि टीव्हीसमोर बसून टाळ्या वाजवणारे मात्र हजारो-लाखो होते, आणि त्यांच्यापर्यंत कुणी बिल घेऊन गेलं नाही.

नव्वदीत केबल आलं आणि घराघरांत परदेशी नाटकी कुस्ती घुसली. पोरं त्यातल्या मल्लांचे पत्ते जमवायची, गाद्यांवर उड्या मारायची. त्याबद्दल मला फार काही म्हणायचं नाही. ते ठरवून केलेलं नाट्य होतं, आणि मुंबईला दारासिंग-किंगकाँगचे सामने बघितलेल्या पिढीला ते पूर्ण नवंही नव्हतं.

खरा बदल झाला तो मोबाईल आल्यावर, पण त्यावर जे दिसतं त्याची सुरुवात आधीची आहे. १९९३ साली अमेरिकेत डेन्व्हरला अष्टकोनी पिंजऱ्यातली पहिली यूएफसी स्पर्धा झाली, तेव्हा चावणं आणि डोळ्यात बोटं घालणं सोडलं तर जवळपास सगळं चालत होतं. अमेरिकेतल्या राजकारण्यांनीच त्यावर झोड उठवली, कित्येक राज्यांनी दारं बंद केली, आणि २००० च्या आसपास वजनगट, फेऱ्या, निषिद्ध डाव असे नियम आले. यातूनच घडलेल्या आजच्या मिश्र युद्धकलेत खेळाडूपण नाही, असं मी अजिबात म्हणणार नाही. जमिनीवरची पकड, सांधा अडकवणं, हार मान्य असेल तर थाप मारून सुटणं, हे बघताना माझ्यातला कुस्तीवाला रमतो. २०२४ मध्ये पूजा तोमर यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली, तेव्हा मला अभिमान वाटला.

माझा अडथळा दुसरीकडे आहे. आमच्या घरातल्या तरुण मुलांच्या मोबाईलवर पूर्ण लढत क्वचितच असते. असतो तो फक्त शेवट. परवा एक तुकडा मला दाखवला. ठोसा हनुवटीवर बसतो, माणूस उभ्या उभ्या ताठ होतो आणि लाकडासारखा मागे पडतो. पडल्यावरही त्याचे दोन्ही हात कोपरापासून वर, हवेत, ताठच राहतात. तसं होणं ही मेंदूला बसलेल्या धक्क्याची खूण असते. पंच पोचेपर्यंत त्या बेशुद्ध तोंडावर आणखी दोन ठोसे पडतात. मग तेच दुसऱ्या बाजूनं, मग मंदगतीनं, मग जवळून, दातांवरचं कवच उडताना. आणि तिथे तुकडा संपतो. तो माणूस उठला का? स्वतःच्या पायांनी गेला का? मी विचारलं तर मुलं म्हणाली, माहीत नाही. त्यांचा दोष नाही. त्यांना ते दाखवलंच गेलं नव्हतं. त्याचं नावही त्या तुकड्यावर नव्हतं, जिंकणाऱ्याचं होतं.

मंदगतीनं पुन्हा दाखवण्याची ही हौस जुनी आहे. १९६२ साली न्यूयॉर्कला एमिल ग्रिफिथनं बेनी पॅरेटला दोरखंडात अडकलेला असताना ठोश्यांमागून ठोसे मारले. पॅरेट दहा दिवसांनी वारला. तो शेवट टीव्हीवर मंदगतीनं पुन्हा दाखवला गेला होता. त्या काळी लोक निदान हादरले होते. आज दिवसाला असे किती तुकडे बोटाखालून सरकतात, आणि पुढच्या तुकड्यात कुणी पुरणपोळी करत असतं.

जोडीचंही तसंच. २०२४ च्या नोव्हेंबरात टेक्सासमध्ये अठ्ठावन्न वर्षांच्या माइक टायसनला सत्तावीस वर्षांच्या जेक पॉलसमोर उभं केलं. पोटाच्या विकारामुळे ती लढत आधी पुढे ढकलावी लागली होती. मोजे जड दिले, फेऱ्या दोन मिनिटांच्या केल्या, म्हणजे धोका आहे हे ठरवणाऱ्यांनाही कळत होतं. नेटफ्लिक्सवर कोट्यवधी घरांनी ती पाहिली. खासबागेत पहिल्या मिनिटाला ‘जोड न्हाई’ म्हणून मैदान उठलं असतं. इथे ओरडायचं कुणाला? पडद्याला ऐकू येत नाही.

पैशाचं गणित तर पारच बदललं. आबांचा पैसा फेट्याच्या पदरात पडायचा. यूएफसीच्या लढवय्यांनी २०१४ साली कंपनीवर खटला भरला, की बाजारावर तिनं पकड ठेवल्यामुळे आमचा मोबदला दाबला गेला. दहा वर्षं तो चालला आणि २०२४ मध्ये साडेसदतीस कोटी डॉलरची तडजोड झाली. एवढी रक्कम द्यावी लागते, यावरून आपण बघण्यासाठी मोजलेले पैसे मार खाणाऱ्यापर्यंत कितपत जात होते, याचा अंदाज यावा.

म्हणून मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. झुंज आवडणं मला पाप वाटत नाही. शक्ती, धाडस, डाव-प्रतिडाव यांची ओढ माणसाला असणार, आणि ती मारून टाकून कुणी अधिक सज्जन होतो असं मी पाहिलेलं नाही. पण ज्याच्या पडण्याचा आनंद घ्यायचा, त्याचं पुढं काय झालं हे जाणून घ्यायची तयारी नसेल, तर तो आनंद घेण्याचा आपल्याला हक्क नाही. विजोड लढती मी बघत नाही. उतरणीला लागलेल्या माणसाला त्याच्या जुन्या नावावर विकलं जात असेल तर तिथे माझा पैसा जाणार नाही. शुद्ध हरपलेल्या माणसाचा तुकडा कुणी पाठवला तर मी पुढे पाठवत नाही आणि पाठवणाऱ्याला तसं सांगतो. मुष्टियुद्ध बघतो तेव्हा कोपऱ्यात फचसारखा वस्ताद आहे का, ते आधी बघतो.

आणि जे आपल्या हाताशी आहे ते अजून करता येण्यासारखं आहे. महाराष्ट्रात एकेका तालुक्यात असे म्हातारे मल्ल आहेत, ज्यांच्या कुस्तीला तुमच्या वडिलांनी टोप्या उडवल्या असतील. गुडघे गेलेले, कान मुडपलेले, कुणी शेतावर राखणीला, कुणी मुलाच्या घरी माळवदावर. वयोवृद्ध मल्लांना सरकारचं मानधन असतं, पण त्याला कागद लागतात, जुन्या कुस्त्यांचे दाखले लागतात, आणि ते गोळा करणं त्यांच्यानं होत नाही. तुमच्या गावात असा कुणी असेल तर एकदा जाऊन या. मानधन मिळतं का विचारा, आणि मिळत नसेल तर त्यांचा अर्ज तुम्ही भरून द्या.